वाचून दाखवणं थांबवू नका

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं त्याला येतात, बाराखडी न अडखळता म्हणतो. पण समोर शब्द आला की थांबतो. 'घर' दिसलं की 'घ' म्हणतो, 'र' म्हणतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. गोष्टीची दोन-तीन पुस्तकं मात्र घडाघडा 'वाचतो', कारण ती त्याला पाठ आहेत. बोट एका ओळीवर असतं आणि तोंड दुसऱ्या. ही सवय मोडावी म्हणून मी रात्री त्याला वाचून दाखवणं बंद केलं. 'आता मोठा झालास, तूच वाच' असं सांगते. रोज संध्याकाळी अर्धा तास घेऊन बसते, पण बहुतेक वेळा शेवट रडण्यात होतो. परवा तो म्हणाला, "मी ढ आहे." जावेची मुलगी त्याच्याच वयाची आहे, ती समोर येईल ते वाचते. माझा नवरा म्हणतो, मागे लागू नकोस, वेळ आली की आपोआप येईल. सोडून दिलं तर तो मागे पडेल आणि बसवलं तर पुस्तकाचं नाव काढणार नाही, अशी भीती वाटते. काय करू?
– एक आई

उत्तर :

आज रात्रीपासून त्याला पुन्हा वाचून दाखवायला लागा. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी.

तुम्ही ते बंद केलंत ते त्याच्या भल्यासाठीच, हे पत्रातून स्वच्छ दिसतं. आयतं ऐकायला मिळालं तर हा स्वतः कशाला वाचेल, असं तुम्हाला वाटलं. खूप घरांत हेच होतं आणि साधारण याच वयाला होतं. अक्षरं यायला लागली की रात्रीची गोष्ट बंद पडते. पण ऐकल्यामुळे वाचणं मागे पडत नाही. उलट त्याला जे वाचायचं आहे त्याची निम्मी तयारी ऐकण्यातूनच होत असते.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची एक साधी मांडणी केली, ती आजही वापरली जाते. समजून वाचणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार, असं त्यांनी म्हटलं. छापलेल्या खुणांवरून शब्द ओळखता येणं ही पहिली गोष्ट आणि ती भाषा ऐकून समजणं ही दुसरी. ही बेरीज नाही, त्यामुळे एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. तुमच्या मुलाची पहिली बाजू सध्या कच्ची आहे. दुसरी मात्र छान वाढत होती, आणि नेमकी तीच तुम्ही थांबवलीत.

पुस्तकातली भाषा आपल्या रोजच्या बोलण्यासारखी नसते. 'तेवढ्यात', 'जणू', 'अखेर', 'त्याच्या मनात आलं' असं आपण घर आवरताना बोलत नाही. हे शब्द आणि अशी लांब वाक्यं मुलाच्या कानावर पडतात ती पुस्तकातूनच. सहा वर्षांचं मूल स्वतः वाचू शकतं ते 'घर बघ', 'कान धर' एवढंच. ऐकून समजू मात्र भलीमोठी गोष्ट शकतं. हे अंतर भरून यायला काही वर्षं जातात. म्हणून तो स्वतः वाचायला लागल्यावरही, निदान आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत, वाचून दाखवणं चालू ठेवा.

वाचताना मधे मधे थांबा आणि त्याला बोलतं करा. 'आता हा काय करेल?', 'तिला राग का आला असेल?', 'तू असतास तर?' असं काहीही विचारा. त्याने दोन शब्दांत उत्तर दिलं तर त्याचंच वाक्य थोडं वाढवून पुन्हा म्हणा. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली लहान मुलांच्या पालकांना अशा रीतीने पुस्तक वाचायला शिकवलं, तेव्हा महिन्याभरातच त्या मुलांचं बोलणं इतरांच्या पुढे गेलेलं दिसलं. फक्त एक पथ्य पाळा. या वेळेत 'हे कोणतं अक्षर?' असं एकदाही विचारायचं नाही. शिकवण्याची वेळ वेगळी आणि गोष्टीची वेळ वेगळी. सध्या त्याच्यासाठी पुस्तक उघडणं म्हणजे परीक्षा झाली आहे, आणि ती परीक्षा आई घेते.

आता पाठ झालेल्या पुस्तकांबद्दल. ही सवय मोडायची काहीच गरज नाही. छापलेलं वाक्य दर वेळी तेच असतं, ते डावीकडून उजवीकडे जातं, पान उलटलं की गोष्ट पुढे सरकते, हे सगळं तो त्यातून शिकला आहे. पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण ते खोटंही नाही. त्या पाठांतराचाच उपयोग करून घ्या. त्याच्या आवडीच्या पानावरचं एक वाक्य कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहा. तो म्हणेल तसं एकेका शब्दाखाली बोट ठेवायला सांगा. बोट आणि तोंड यांची जोडी जमली की पट्टीचे शब्द कात्रीने सुटे करा, ते मिसळा आणि त्याला पुन्हा वाक्य लावू द्या. वाक्य माहीत असल्यामुळे तो घाबरत नाही, आणि शब्द सुटे असल्यामुळे त्याला खरंच बघावं लागतं. हेच त्याने स्वतः सांगितलेल्या वाक्यांवरही करता येतं. आज काय झालं ते त्याने बोलायचं, तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि मग दोघांनी वाचायचं. स्वतःचं वाक्य वाचायला मुलांना फार आवडतं.

मग 'घर' का वाचता येत नाही? अक्षर ओळखणं हे डोळ्याचं काम आहे आणि दोन आवाज जोडून शब्द ऐकणं हे कानाचं. त्याला पहिलं येतं, दुसरं कोणी त्याच्याकडून करून घेतलेलं नाही. शिवाय 'घर' म्हणताना आपण शेवटचा 'र' तोकडा म्हणतो. तो 'घ' आणि 'र' अशी दोन पूर्ण अक्षरं सुटी सुटी म्हणतो, त्यामुळे त्याच्या कानाला त्यात ओळखीचं काहीच लागत नाही. चूक अक्षरांत नाही, सांध्यात आहे.

यावर उपाय कागदाशिवाय सुरू होतो. चालताना, आंघोळीच्या वेळी, प्रवासात त्याला तुकडे द्या आणि जोडायला सांगा. पा… णी. खि… ड… की. आधी तुकड्यांत श्वासाएवढं अंतर ठेवा आणि हळूहळू कमी करा. मग उलटा खेळ खेळा. 'कागद'मधला 'का' गाळला तर काय उरलं? 'कपाट'चं शेवटचं अक्षर काय? त्याच अक्षराने सुरू होणारा शब्द सांग. भेंड्यांसारखा हा खेळ मुलं कंटाळेपर्यंत खेळतात आणि यात पुस्तक कुठेच नसतं, म्हणून रडूही नसतं. आठ-दहा दिवस एवढंच केलंत तरी चालेल. कानाने जोडणं जमलं की छापील 'घर'कडे या. 'घऽ' असा सूर जरा लांबवायचा आणि न थांबता 'र'मध्ये शिरायचं. 'आता पटकन म्हण. ओळखीचा वाटला का शब्द?'

दुसरा बदल अक्षरांच्या संख्येत करा. बाराखडी तोंडपाठ आहे ती राहू द्या, पण वाचायला शिकवण्यासाठी तूर्त बाजूला ठेवा. पाठ असलेल्या बाराखडीत एक अडचण असते. 'के' ओळखायला मूल मनातल्या मनात 'क, का, कि, की…' असं पहिल्यापासून म्हणत तिथपर्यंत पोचतं. तोवर शब्दाचं पहिलं अक्षर विसरलेलं असतं. तुमचा मुलगा असं करतो का, ते एकदा ओठांकडे बघून पडताळा.

त्याऐवजी मोजकी अक्षरं घ्या आणि त्यांचे लगेच शब्द करा. ग, म, भ, न या चार अक्षरांनी सुरुवात करण्याची जुनी पद्धत उगीच टिकलेली नाही. एवढ्यांतून मन, मग, नग, नभ, गगन, नमन तयार होतात. त्यात फक्त काना घातला की मामा, नाना, नाग, मान, भाग, नाम येतात. चार अक्षरं आणि एक खूण, एवढ्यावर मूल डझनभर शब्द वाचतं आणि त्याला पहिल्यांदा कळतं की आपल्याला वाचता येतं. पुढे क, र, घ, ब घ्या. घर, बघ, कर, कान, नाक, काम, बाग, राग, बाबा, काका, मगर. आधीची अक्षरं सोडायची नाहीत, नवी त्यांत मिसळायची. दिसायला सारखी अक्षरं एकदम आणू नका. घ आणि ध, ब आणि व, थ आणि य यांच्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. भ आणि म यांतही गोंधळ होतो आहे असं दिसलं तर भ खुशाल मागे ठेवा.

काना, मात्रा, वेलांटी आडव्या रीतीने शिकवा, म्हणजे एका अक्षराच्या बारा खुणा एकदम नकोत. एकच खूण त्याला येणाऱ्या सगळ्या अक्षरांना लावायची. का, मा, ना, गा, रा. ही पक्की झाली की दुसरी वेलांटी, मग एक मात्रा. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घ्या. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि म्हणताना नंतर, त्यामुळे डावीकडून उजवीकडे जाणारा डोळा तिथे फसतो. अक्षर आधी लिहून, त्याचा उच्चार करून, मग त्याच्या डावीकडे वेलांटी काढून दाखवली की गुंता सुटतो. 'रु' आणि 'रू' वेगळेच दिसतात, ते सरळ सांगून टाका. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळा उच्चारतात, यावर नियम सांगत बसू नका. शब्द ओळखीचा असला की मूल आपोआप बरोबर उच्चार करतं. इथेही ऐकलेली भाषाच कामाला येते. जोडाक्षरं, रफार हे सगळं नंतर.

आपल्या लिपीला वेळ लागतो, हे तुम्ही स्वतःला अधूनमधून सांगत राहा. ३४ व्यंजनं आणि बाराखडीची १२ रूपं म्हटली तरी ४०० हून जास्त आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. कन्नडचीही अक्षररचना आपल्यासारखीच आहे. तिथे दिसलं की सगळी अक्षररूपं पक्की व्हायला प्राथमिक शाळेची कितीतरी वर्षं जातात. सहाव्या वर्षी तुमचा मुलगा या वाटेच्या सुरुवातीला आहे, आणि तिथेच असायला हवा.

अर्धा तास मात्र फार झाला. दहा मिनिटं पुरेत, पण रोज. संध्याकाळी तो दमलेला असेल तर सकाळची किंवा खेळून आल्यावरची वेळ बघा. येणाऱ्या शब्दांनी सुरुवात करा, मधे दोन-तीन नवे घ्या आणि पुन्हा येणाऱ्यानेच थांबा. दहा शब्दांत एखादा अडला तर मजकूर बरोबर आहे. तीन-चार अडत असतील तर तो आज त्याच्यासाठी नाही, बदला. शब्द अडला की लगेच सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा. तरी येत नसेल तर अक्षरावर बोट ठेवून पहिला आवाज द्या. तेवढ्यानेही नाही आलं तर शब्द सांगून पुढे चला, तिथे अडवून ठेवू नका. चित्रावरून अंदाज बांधत असेल तर चित्र हाताने झाका, रागावू नका. 'काल तर आलं होतं' हे वाक्य घरात पूर्ण बंद. शिकताना आज आलेलं उद्या जातं, परवा परत येतं. हे सगळ्यांचं असंच होतं.

"मी ढ आहे" या त्याच्या वाक्यावर 'असं म्हणू नये' एवढंच सांगून थांबू नका. त्याला खरं कारण द्या. "तुला अक्षरं येतात, ती जोडायची कशी हे आपण अजून शिकलो नाही. मी जरा घाई केली. आता आपण वेगळ्या रीतीने करू." आईने असं सांगितलं की दोष त्याच्यावरून उतरतो. नंतर स्तुती करताना 'हुशार आहेस' ऐवजी त्याने नेमकं काय केलं ते सांगा. 'तू वेलांटी बघितलीस म्हणून तो शब्द आला.' मुलाला यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं.

लिहिणंही सोबत असू द्या. ओल्या बोटाने जमिनीवर, खडूने, पिठात, पाठीवर बोटाने कसंही चालेल. मारिया माँटेसरी यांनी खरखरीत कागदाची अक्षरं मुलांना बोटाने गिरवायला दिली ती याच विचाराने की हाताला कळलेला आकार डोळ्याला लवकर ओळखू येतो. मुलाने मनाने काही लिहिलं आणि त्यात ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर आत्ता दुरुस्त करू नका. एखादं अक्षर आरशात दिसावं तसं उलटं काढलं तरी घाबरू नका. या वयात ते सर्रास होतं.

तुमचे पती आणि तुम्ही, दोघांचंही निम्मं बरोबर आहे. मागे लागू नये हे त्यांचं खरं, पण आपोआप येईल हे खरं नाही. बोलणं मूल ऐकून शिकतं; लिपी माणसाकडे आली तीच जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी, ती कोणीतरी शिकवावीच लागते. शिकवायला हवं हे तुमचं खरं, पण उशीर झाला हे खरं नाही. सेबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेली आणि सातव्या वर्षी शिकू लागलेली मुलं यांची तुलना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अकराव्या वर्षाच्या सुमाराला दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. म्हणून जावेच्या मुलीशी तुलना मनातून काढा, आणि त्याच्यासमोर तर कधीच नको. दहा मिनिटांचं काम तुम्ही करा आणि रात्रीची गोष्ट काही दिवस वडिलांनी वाचावी, असं मला सुचवावंसं वाटतं. सध्या त्याला पुस्तकाबरोबर आईची धास्ती वाटते आहे. गोष्ट वेगळ्या आवाजात आली तर ती लवकर ओसरेल, आणि घरातला एकच माणूस शिकवणारा उरणार नाही.

शाळेची भाषा वेगळी असेल तर दोन्ही लिप्या एकाच दहा मिनिटांत घेऊ नका. ज्या भाषेत तो बोलतो, भांडतो, स्वप्नं सांगतो, तिच्यात आवाज जोडणं आधी शिकू द्या; जोडण्याची ती युक्ती दुसऱ्या लिपीतही उपयोगी पडते. मोबाइलवरच्या अक्षरांच्या खेळांनी फार बिघडत नाही, पण तुमच्या शेजारी बसण्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. कान आणि डोळे एकदा तपासून घ्या, विशेषतः सर्दीने कान वारंवार दुखत असेल, हाक ऐकू जात नसेल, किंवा पुस्तक नाकाला लावून, मान वाकडी करून बघत असेल तर. बोलायला उशिरा लागला होता का, आवाज जोडण्या-गाळण्याचे खेळ खूप दिवस खेळूनही अजिबात जमत नाहीत का, जवळच्या नात्यात कोणाला वाचायला फार त्रास झाला होता का, हेही आठवून बघा. यांतलं काही असेल, किंवा पाच-सहा महिने रोज थोडं थोडं करूनही दोन अक्षरांचे साधे शब्द जुळत नसतील, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला आणि वाचनातल्या अडचणींवर काम करणाऱ्या विशेष शिक्षकांना दाखवा. डिस्लेक्सियाचा, म्हणजे शब्द वाचायला शिकण्यातच येणाऱ्या अडचणीचा, बुद्धीशी संबंध नसतो, आणि मदत लवकर सुरू झाली तर फायदाच होतो. निदानाची चिठ्ठी हातात येईपर्यंत थांबायचं कारण नाही. वर सांगितलेल्या गोष्टी अशा मुलांनाही उपयोगाच्या आहेत, त्यांना त्या जास्त वेळा आणि जास्त पद्धतशीर लागतात इतकंच.

त्याच्या वर्गशिक्षकांनाही या आठवड्यात भेटा. वर्गात सध्या कोणती अक्षरं चालू आहेत ते विचारून घ्या आणि घरी तीच घ्या. तो रडतो आणि स्वतःला ढ म्हणतो, हे त्यांना मोकळेपणाने सांगा. काही दिवस त्याला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नये, जवळ बसवून ऐकावं, एवढी विनंती करा.

तीन-चार महिन्यांनी मला पुन्हा लिहा. किती अक्षरांचे शब्द जोडतो, कोणत्या खुणेपाशी अडतो आणि पुस्तक घेऊन आपण होऊन कोणाजवळ येतो का, हे तिन्ही कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.